वर्षाविना तारीख, गावाविना वेळ

कल्याणहून कर्जतकडे निघालं की पहिलं स्टेशन विठ्ठलवाडी, मग उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. या पट्ट्यात लोकलला नाव नसतं, वेळ असते. गाडी मिनिटासकट ओळखली जाते आणि मिनिट बदललं की गाडी वेगळी, डबा वेगळा, डब्यातली माणसंही वेगळी. मिनिटाला इतका मान देणाऱ्या याच पट्ट्यातून पुष्कळ तरुण-तरुणी ठाण्याला गाडी बदलून ऐरोली-घणसोलीच्या ऑफिसांत जातात. त्यांतल्या अनेकांचं काम रात्रपाळीचं असतं, अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या कंपन्यांचे संगणक इथून सांभाळण्याचं. काही बिघडलं की ते सर्वांत आधी उघडतात ती यंत्राने स्वतःच लिहून ठेवलेली रोजनिशी. तिला त्या धंद्यात लॉग म्हणतात. कोणत्या क्षणी काय घडलं, कोण आत शिरलं, कुठली फाइल बदलली, हे सगळं तिच्यात ओळीओळीने असतं आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला तारीख-वेळ असते. सेकंदाचे अब्ज भाग मोजू शकणारं हे यंत्र ती तारीख-वेळ अनेकदा अर्धवट लिहितं. एकाच यंत्रावरच्या दोन आज्ञा ती दोन तऱ्हांनी लिहितात, आणि दोन यंत्रांवरची एकच आज्ञासुद्धा दोन तऱ्हांनी लिहिते. हा प्रकार किरकोळ वाटतो, पण तो तसा नाही. वेळ दाखवणं हे एक काम आहे आणि वेळ नोंदवणं हे दुसरं. जुन्या साधनांनी ही दोन्ही कामं एकच मानली, आणि त्याचा भुर्दंड नोंद लिहिणाऱ्याला बसत नाही; पुढे कधीतरी ती वाचायला बसणाऱ्याला बसतो.

मोबाइलच्या पडद्यावर बोट लावून सगळं उरकणाऱ्या वाचकासाठी थोडं स्पष्ट करायला हवं. सर्व्हर सांभाळणारी मंडळी माउस फारसा हातात धरत नाहीत. काळ्या पडद्यावर एकेक आज्ञा टाइप करायची, एंटर दाबायचं, आणि उत्तर अक्षरांतच यायचं, अशी त्यांची रीत. हीच कमांड लाइन. यातल्या बऱ्याच आज्ञांचा जन्म १९७० च्या आसपास अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये तयार झालेल्या युनिक्स प्रणालीतला, आणि आज लिनक्सच्या रूपाने त्या जगभरच्या सर्व्हरांवर रोज चालतात. फाइलींची यादी दाखवणारी ‘एलएस’ ही त्यांतली बहुधा सर्वांत वापरातली आज्ञा. तिला तपशीलवार यादी मागितली की ती प्रत्येक फाइल शेवटची कधी बदलली ते सांगते, पण दोन वेगळ्या पद्धतींनी. फाइल गेल्या सहा महिन्यांतली असेल तर महिना, तारीख, तास आणि मिनिट. त्याहून जुनी असेल तर तास-मिनिटं गायब होतात आणि त्या जागी वर्ष येतं. म्हणजे एकाच रकान्यात एका फाइलचं वर्ष नाही आणि दुसरीची वेळ नाही. लिनक्सवरच्या एलएससाठी हे ‘सहा महिने’ म्हणजे नेमके १,५७,७८,४७६ सेकंद, सरासरी वर्षाच्या निम्मे. सेकंदापर्यंत काटेकोर असलेली ही सीमा मोजली जाते ती यादी छापली त्या क्षणापासून, आणि तो क्षण यादीत कुठेच लिहिलेला नसतो. अशी यादी कोणी जपून ठेवली आणि तीन वर्षांनी उघडली, तर वर्ष नसलेल्या ओळी कोणत्या वर्षातल्या, हे यादीवरून सांगता येत नाही.

हे एकट्या एलएसचं नाही. चालू असलेली कामं दाखवणारी ‘पीएस’ ही आज्ञा आज सुरू झालेल्या कामाची फक्त वेळ देते, काल-परवा सुरू झालेल्याचा फक्त महिना आणि दिवस, आणि गेल्या वर्षीपासून चालू असलेल्या कामाचं नुसतं वर्ष. यंत्रावर कोण कधी येऊन गेलं ते सांगणारी ‘लास्ट’ वार, महिना, तारीख, वेळ देते. वर्ष हवं असेल तर ते वेगळं मागावं लागतं. यंत्राच्या गाभ्याचे संदेश दाखवणारी ‘डीमेसेज’ तर तारीखच देत नाही. यंत्र सुरू केल्यापासून किती सेकंद झाले तेवढं सांगते. त्यावरून घड्याळाची वेळ काढून देण्याची सोय तिच्यात आहे, पण यंत्र मध्ये झोपवून पुन्हा जागं केलं असेल तर ही वेळ चुकू शकते, असा इशारा तिच्याच माहितीपत्रकात दिलेला आहे. आणि यंत्रांच्या लॉगच्या मुळाशी असलेली ‘सिसलॉग’ ही नोंदीची पद्धत १९८० च्या दशकात एरिक ऑलमन यांनी टपालाच्या एका प्रोग्रॅमसाठी बांधली, ती पुढे सगळीकडे पसरली. तिच्या जुन्या साच्यात महिना आहे, दिवस आहे, सेकंदापर्यंत वेळ आहे. वर्ष नाही, आणि ही वेळ कुठल्या गावची, तेही नाही. २००९ मध्ये नवा साचा आला, त्यात दोन्ही आलं. तरीही जुना साचा पुढे वर्षानुवर्षं असंख्य यंत्रांवर चालत राहिला.

वर्ष गाळलेल्या नोंदीचं पुढे काय होतं, हे महाराष्ट्राला कोणी शिकवायला नको. पेशवाईतल्या पत्रव्यवहारात असंख्य पत्रांवर नुसता चंद्र आहे, म्हणजे मुसलमानी महिना आणि त्यातली तारीख. वर्ष नाही. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला त्याची गरजही नव्हती. जासूद आठ-पंधरा दिवसांत पत्र पोचवणार, वर्ष कोणतं चालू आहे ते दोघांना ठाऊक. पण हेच कागद दीड-दोनशे वर्षांनी वि. का. राजवाडे यांच्या हाती आले, गो. स. सरदेसाई यांच्या हाती आले, तेव्हा एकेका पत्राचं वर्ष ठरवण्यात अभ्यासकांची शक्ती खर्च झाली. पेशवे दफ्तरातले निवडक कागद सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत छापले. त्यांत जिथे मूळ कागद वर्षाबद्दल गप्प आहे तिथे मजकुरातली माणसं, मोहिमा, पावसाळा-उन्हाळा यांवरून अंदाज बांधावा लागला. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे एकच चंद्र कधी पावसात येतो, कधी थंडीत. तेवढाच काय तो आधार. यातल्या काही अंदाजांवर पुढच्या संशोधकांनी हरकती घेतल्या आणि त्यातून घटनांचा क्रमच बदलला. याउलट अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख पाहा. डॉ. भाऊ दाजी यांनी त्यातलं वर्ष शके ७८२ असं वाचलं होतं. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० असल्याचं पुढे दाखवलं. दोनशे वर्षांचा फरक, पण तो मिटला, कारण आकडा दगडावर होता आणि पुन्हा वाचता येत होता. चुकीचं वाचलेलं वर्ष दुरुस्त होतं. न लिहिलेल्या वर्षाला दुरुस्तीची जागाच नसते.

मग इतक्या हुशार माणसांनी ही साधनं अशी का केली? त्यांना दोष देण्याआधी त्यांचं टेबल पाहायला हवं. सुरुवातीच्या युनिक्सपुढे पडदा नव्हता, कागदाच्या गुंडाळीवर खडखडत छापणारं टेलिटाइप यंत्र होतं, सेकंदाला दहा अक्षरं टाकणारं. एका ओळीत मावेल तेवढंच लिहायचं, एक अक्षर वाचलं तरी वेळ वाचला. समोर बसलेल्या माणसाला आत्ताच्या फाइलीची वेळ हवी आणि जुन्या फाइलीचं वर्ष हवं, हा अंदाज अगदी शहाणपणाचा होता. चूक तिथे नाही. चूक पुढे झाली. समोरच्या माणसासाठी छापलेली ही ओळ लोकांनी फाइलीत साठवायला सुरुवात केली, दुसऱ्या प्रोग्रॅमला खायला घातली, तिच्यावरून हिशेब काढले, आणि बघता बघता दाखवण्यासाठी केलेली गोष्ट नोंद म्हणून वापरली जाऊ लागली.

यंत्राच्या आत गोंधळ नाही, ही गोष्ट इथे महत्त्वाची आहे. आत एकच आकडा असतो: १ जानेवारी १९७० रोजी ग्रिनिचच्या मध्यरात्रीपासून किती सेकंद गेले. एलएस असो, पीएस असो, बहुतेकांचं मूळ याच मोजणीत असतं. वेषांतर होतं ते बाहेर पडताना. या आकड्याची अडचण वेगळी. तो ३२ बिटांच्या जागेत ठेवणाऱ्या जुन्या यंत्रांमध्ये १९ जानेवारी २०३८ रोजी ग्रिनिचच्या ३ वाजून १४ मिनिटं ७ सेकंदांनी जागा संपते. आपल्याकडे तेव्हा मंगळवारची सकाळ असेल, ८ वाजून ४४ मिनिटं, विठ्ठलवाडीच्या फलाटावर ऐन गर्दीची वेळ. नव्या यंत्रांनी ६४ बिटांची जागा घेऊन हा प्रश्न सोडवत आणलेला आहे. पण आतला आकडा एकसारखा आहे म्हणून तोच लॉगमध्ये लिहा, असं म्हणून भागणार नाही. दहा अंकी संख्या पाहून ती रविवारची होती की सोमवारची, हे कोणालाही सांगता येत नाही, आणि रात्री तीन वाजता बिघाड शोधणाऱ्याला प्रत्येक ओळीवर भागाकार करायला लावणं हाही अन्यायच. नोंद यंत्राला क्रमाने लावता आली पाहिजे आणि माणसाला वाचताही आली पाहिजे.

दिवस, महिना, वर्ष यांच्या क्रमाचा विषय लोकांना सर्वांत परिचित, म्हणून त्यावर फार थांबत नाही. ०४/०५ म्हणजे आपल्याला ४ मे, अमेरिकेतल्या माणसाला ५ एप्रिल. वर्षात अशा १३२ तारखा आहेत की ज्या दोन्हीकडे खऱ्या वाटतात पण दिवस वेगळे दाखवतात. विंडोजवरच्या आज्ञा त्या यंत्राच्या प्रांतिक मांडणीप्रमाणे तारीख देतात. त्यामुळे भारतातल्या यंत्रावर बरोबर चाललेली स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची लिहून ठेवलेली माळ, अमेरिकेतल्या यंत्रावर महिन्याला दिवस समजते. युनिक्सच्या घरातही एकवाक्यता नाही. ‘डेट’ या आज्ञेने घड्याळ लावायचं तर महिना, दिवस, तास, मिनिट आणि शेवटी वर्ष द्यायचं. ‘टच’ या आज्ञेने फाइलीची वेळ बदलायची तर तेच वर्ष सुरुवातीला. एकाच घराण्यातल्या दोन आज्ञा, युनिक्सच्या एकाच मानकात नोंदलेल्या, आणि अंकांची तीच माळ एक उलटी वाचते, एक सुलटी.

सर्वांत जास्त नुकसान मात्र ठिकाण गाळल्याने होतं, आणि ते सर्वांत कमी दिसतं. भारतातल्या यंत्रावर वेळेपुढे पुष्कळदा ‘आयएसटी’ ही तीन अक्षरं येतात. आपल्याला वाटतं, झालं, ही भारतीय प्रमाणवेळ. पण इस्रायलची प्रमाणवेळही आयएसटी, आणि आयर्लंडची उन्हाळी वेळही आयएसटी. ही शंका पुस्तकी नाही. पोस्टग्रेस हा माहितीसाठे सांभाळणारा, जगभर वापरला जाणारा प्रोग्रॅम. वेळांच्या अशा संक्षेपांच्या त्याच्या मूळ यादीत आयएसटीचा अर्थ इस्रायलची वेळ, ग्रिनिचच्या दोन तास पुढे, असा बराच काळ होता. भारतासाठी वेगळी यादी होती, पण ती आपण होऊन लावावी लागे. न लावणाऱ्याच्या नोंदी साडेतीन तासांनी सरकत आणि कुठलीही चूक पडद्यावर येत नसे. आणखी एक खोड: युनिक्सच्या त्याच मानकाप्रमाणे यंत्राला वेळेचा विभाग सांगायचा तर ग्रिनिचच्या पूर्वेला उणे आणि पश्चिमेला अधिक लिहायचं. आपण साडेपाच तास पुढे, पण तिथे लिहायचं उणे पाच तीस. लॉगच्या ओळीत मात्र तेच अधिक पाच तीस. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. नवख्या माणसाने कुठे अधिक आणि कुठे उणे हे पाठच करायचं, दुसरा इलाज नाही.

विठ्ठलवाडीवरून जाणारा लोहमार्ग या बाबतीतला मोठा साक्षीदार आहे. कल्याणहून या दिशेची लाइन १८५६ मध्ये सुरू झाली, आणि पुढे हिंदुस्थानातल्या रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालू लागल्या. मद्रासची वेळ ग्रिनिचच्या ५ तास २१ मिनिटं पुढे, मुंबईची ४ तास ५१ मिनिटं. म्हणजे फलाटावर एक वेळ आणि बाजारात दुसरी, मध्ये अर्ध्या तासाचं अंतर. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कचेऱ्यांना मद्रासची वेळ लावली, शहरातून इतका विरोध झाला की १८८३ मध्ये हुकूम मागे घ्यावा लागला. १९०६ पासून साडेपाच तासांची भारतीय प्रमाणवेळ आली, ती मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढे. मुंबईच्या महापालिकेने मात्र आपली जुनी वेळ पुन्हा उचलली आणि ती १९५५ पर्यंत चालवली. समजा, १९२० मध्ये कोणी कल्याणला रेल्वेच्या घड्याळाने दहाला गाडीत बसला आणि अकरा वीसला बोरीबंदरला उतरला, तर महापालिकेच्या घड्याळात तेव्हा वाजले असणार दहा एक्केचाळीस. ऐंशी मिनिटांचा प्रवास एक्केचाळीस मिनिटांत. गाडी धावली तेवढीच, नोंदीतून फक्त ठिकाण गळलं. दुसऱ्या महायुद्धात त्यात आणखी एक पदर आला. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात देशाचं घड्याळ एक तास पुढे केलं होतं. आज ज्याला उल्हासनगर म्हणतात तिथे तेव्हा कल्याणचा लष्करी कॅम्प होता, आणि त्या कॅम्पातले पहारे या पुढे केलेल्या घड्याळावर बदलत. त्या तीन वर्षांत जन्मलेल्यांची पत्रिका मांडताना जाणकार ज्योतिषी आजही एक तास वजा करतात. ज्योतिषाबद्दल कोणाचं काही मत असो, नोंदीतली वेळ कुठल्या घड्याळाची हे आधी विचारण्याची त्यांची शिस्त अस्सल आहे.

आजच्या संगणकांकडे या सगळ्या इतिहासाची एक वही असते. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात सुरू केलेला हा वेळ-विभागांचा संग्रह आज जवळजवळ प्रत्येक सर्व्हरमध्ये आणि मोबाइलमध्ये असतो. भारतासाठी त्यात ‘आशिया/कोलकाता’ ही एकच नोंद आहे. युद्धकाळातला जादा तास तिच्यात आहे. १९०६ पूर्वीची मद्रासची वेळ सेकंदासकट आहे, ५ तास २१ मिनिटं १० सेकंद. मुंबईची वेळ मात्र नाही. विठ्ठलवाडीत बसून संगणकाला १९५० मधली मुंबईची स्थानिक वेळ विचारली तर तो ठामपणे प्रमाणवेळ सांगेल, आणि महापालिकेच्या त्या वर्षीच्या नोंदींशी ती ३९ मिनिटांनी जुळणार नाही. संग्रह करणाऱ्यांनी १९७० नंतरच्या काळापुरतीच विभागांची वेगळी वाटणी करायचं आधीच ठरवलेलं आहे, म्हणून ही त्यांची फसवणूक नव्हे. पण यावरून एक गोष्ट पक्की होते. नोंदीत नुसत्या गावाचं किंवा विभागाचं नाव असून पुरत नाही. ग्रिनिचपासूनचं अंतर त्या क्षणी किती होतं, तो आकडाच लिहिलेला हवा. मग पुढे वही बदलो, राजवट बदलो, नोंद तिच्या जागी राहते.

असा साचा तयार आहे. १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने आयएसओ ८६०१ हे मानक काढलं. २००२ मध्ये इंटरनेटच्या कामासाठी त्याचं आटोपशीर रूप ठरलं. आधी चार अंकी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग तास, मिनिट, सेकंद, आणि शेवटी ग्रिनिचपासूनचं अंतर: २०२६-०४-०५, १४:३०:००, अधिक ०५:३०. भारतीय मानक ब्यूरोनेही आयएस ७९०० या क्रमांकाने ते आपलंसं केलेलं आहे. ग्रिनिचपासूनचं अंतर एकच असलेल्या या ओळी अक्षरक्रमाने लावल्या की आपोआप कालक्रमाने लागतात, आणि माणसाला त्या न भागता-गुणता वाचता येतात.

यावर पहिली हरकत अशी की हे परकं आहे, मराठी माणूस दिवस आधी लिहितो, वर्ष शेवटी. ही हरकत आपल्याच परंपरेसमोर टिकत नाही. दिवस आधी लिहिण्याची आजची सवय इंग्रजी कचेरीतून आलेली आहे. आपले शिलालेख आणि शकावल्या शकापासून सुरू होतात, मग संवत्सर, महिना, पक्ष, तिथी, वार. पूजेच्या संकल्पातसुद्धा युगापासून निघून संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी असं मोठ्याकडून लहानाकडे उतरायचं असतं, आणि आपण कुठल्या देशात, कुठल्या नदीच्या कुठल्या तीरावर आहोत हेही म्हणायचं असतं. वर्ष आधी आणि ठिकाणासह, हा नियम या मातीत जुनाच आहे. शिवजन्माच्या वादात लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीला वजन आलं त्यामागे हेही एक कारण आहे. शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, नक्षत्रसुद्धा. एक घटक दुसऱ्याची परीक्षा घेतो, आणि गणित करून पाहिलं तर वार जुळतो. त्या तिथीची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख जुन्या ज्युलियन पंचांगाची. आज आपण वापरतो त्या ग्रेगोरियन पंचांगात तोच दिवस १ मार्च. तारीख पूर्ण असली तरी ती कुठल्या पंचांगाची, हेही सांगावं लागतं. उलट दिशेचं उदाहरणही आपल्याकडेच आहे. मराठी कागदांतला सुहूर सन अक्षरांत लिहिताना एकम आधी येतं: इहिदे सित्तैन मया व अलफ, म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार. हा पानिपतच्या वर्षाचा, ११६१ चा आकडा. क्रम लावायला बसलं तर असे कागद आधी उलटे करून घ्यावे लागतात.

दुसरी हरकत सोयीची. समोर बसलेल्याला इतकी लांबलचक ओळ कशाला? ‘आज सकाळी सव्वादहा’ एवढं पुरतं. हे मान्यच आहे, आणि दाखवताना असंच दाखवावं. पण समोर माणूस आहे की उत्तर फाइलीत जातंय, हे साधनांना कळतं. एलएस ते रोज ओळखते: पडद्यावर ती नावं रकान्यांत मांडते, आणि तेच उत्तर फाइलीकडे वळवलं की एका ओळीत एक नाव देते. नावांसाठी जो विवेक आहे तो तारखांसाठी ठेवला नाही, एवढंच. काही जण असंही म्हणतात की सगळ्यांनी ग्रिनिचचीच वेळ लिहावी, म्हणजे वादच नको. जगभर पसरलेल्या सर्व्हरांसाठी ते ठीक. पण विठ्ठलवाडीत ५ एप्रिलच्या पहाटे दोनला घडलेली गोष्ट ग्रिनिचच्या हिशेबाने ४ एप्रिलच्या रात्री साडेआठची होते, आणि दुकानातल्या चोरीची नोंद आदल्या दिवसाच्या तारखेखाली शोधावी लागते. मध्यरात्रीनंतरच्या गाडीचं आरक्षण करताना लोक तारखेत किती चुकतात, हे सर्वांना ठाऊक आहे. स्थानिक वेळ लिहा आणि पुढे अधिक ०५:३० जोडा. ग्रिनिच ज्याला हवं त्याला त्यातून मिळतं, आणि १८८१ च्या मुंबईसारखी कोणावर दुसऱ्या गावची वेळ लादावी लागत नाही.

तिसरी हरकत सर्वांत जड आहे. जुना साचा गृहीत धरून हजारो स्क्रिप्ट लिहिलेल्या आहेत; साचा बदलला की त्या मोडतील. एलएसची सहा महिन्यांची रीत तर युनिक्सच्या मानकातच लिहिलेली आहे, ती कोणा एकाला बदलता येत नाही. ही भीती खरी आहे, पण तिचं माप घेता येतं. डेबियन या लिनक्सच्या २०२३ मधल्या बाराव्या आवृत्तीत सिसलॉगच्या फाइलींची तारीख नव्या पूर्ण साच्यात लिहायला सुरुवात झाली. लॉग वाचणारे प्रोग्रॅम तपासून घ्या, असा इशारा आवृत्तीच्या टिपणात दिला होता. ज्यांचं मोडणार होतं त्यांना एकदा दुरुस्ती करावी लागली. अर्धवट नोंदीची किंमत मात्र दर वेळी, दर वाचकाला द्यावी लागते, आणि ती कोणाच्याच हिशेबात धरलेली नसते. शिवाय आता प्रश्न नुसत्या सोयीचा राहिलेला नाही. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने संस्थांना लॉग १८० दिवस जपायला आणि घड्याळं सरकारी वेळेशी जुळवून ठेवायला सांगितलं. घड्याळ बिनचूक ठेवायचं आणि त्याने सांगितलेली वेळ वर्ष-विभाग गाळून लिहायची, याला अर्थ राहत नाही. ऑक्टोबर ते मार्च असे १८० दिवस जपले की त्यात दोन वर्षं येतात, आणि नोंद मागच्या वर्षातली आहे की यंदाची, हे लॉगनेच सांगायला हवं. दुकानातल्या सीसीटीव्हीच्या बाबतीत हे पोलिसांना रोज दिसतं. चित्रण ताब्यात घेताना रेकॉर्डरचं घड्याळ खऱ्या वेळेच्या किती पुढे-मागे आहे, ते पंचनाम्यात लिहून घ्यावं लागतं. नाहीतर चित्रण असूनही वेळेवर वाद होतो.

करायचं काम फार नाही. एलएसला पूर्ण तारीख मागण्याची सोय तिच्यात आहेच, आणि ‘टाइम स्टाइल’ नावाची एक ओळ यंत्राच्या मांडणीत घातली की दर वेळी मागावंही लागत नाही. लास्टला पूर्ण तारीख मागता येते, डेटला हवा तो साचा देता येतो, सिसलॉगचा नवा साचा एका ओळीने चालू होतो. उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यातला हिशेबनीस बिलांच्या फाइलींना नाव देताना वर्ष आधी घालू शकतो, त्याला कुठली आज्ञाही शिकावी लागत नाही. जड आहे ते मागच्या नोंदींचं काम. वर्ष आणि विभाग नसलेले जुने लॉग ज्या कोणाकडे पडून असतील, त्याने ते आत्ताच वर्षवार वेगळे करून प्रत्येक गठ्ठ्यावर वर्ष आणि ठिकाण लिहून ठेवावं. ते यंत्र तेव्हा ज्याने सांभाळलं, तो माणूस अजून त्याच ऑफिसात आहे, तोवर हे एका दुपारचं काम आहे.